भरली की सुटेल, की वेळ झाली की सुटेल?

"एसटी तोट्यात आहे ना, मग बंद करून टाका. रस्त्यावर खासगी गाड्या काय कमी आहेत?"

हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. विचारणारे बहुतेक वेळा स्वतःच्या गाडीनं फिरणारे असतात. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा थोडा इतिहास सांगावा म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, सवडीनं वाचा.

एसटीच्या आधी आपल्याकडे काय होतं? १९२०च्या दशकापासून खासगी 'सर्व्हिस मोटारी' धावत होत्या. १९३९चा मोटार वाहन कायदा येईपर्यंत त्यांच्या भाड्यावर, गर्दीवर, वेळेवर कुणाचं फारसं बंधन नव्हतं. कायदा आला आणि पाठोपाठ महायुद्धही आलं. पेट्रोलचं रेशनिंग झालं, आणि कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर मोटारी पळवायची वेळ आली.

आमचे आजोबा त्या मोटारींबद्दल सांगायचे. बाजाराच्या दिवशी चार-चार मोटारी उतारूंची ओढाओढ करायच्या. एरवी मात्र माणूस सकाळपासून वडाच्या पारावर गाठोडं घेऊन बसलेला. मोटार कधी सुटणार? "भरली की सुटेल." झालं, हेच वेळापत्रक!

हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहेत.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) सरकारी बस सुटली. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर यांचं सरकार होतं. याच तारखेला आपण एसटीचा वाढदिवस साजरा करतो. पण सरकारी बस ही कल्पना त्या दिवशी जन्माला आली असं समजू नका. शेजारच्या हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्येच २७ गाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली होती. पुढे मुंबई राज्याचं महामंडळ, मराठवाड्यातली ही हैदराबादची सेवा आणि विदर्भातली प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस अशा तिन्ही धारा एकत्र येऊन आजची एसटी झाली.

मग १९४८ मध्ये नवीन काय घडलं? माझ्या मते खरी नवलाई बसची नव्हतीच. लोकांनी मोटारी पाहिल्या होत्या. नवीन होता तो स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक. सहा वाजताची गाडी सहाला सुटणार, आत चाळीस माणसं असोत नाहीतर चार. भाडं ठरलेलं, टप्प्यावर मोजलेलं. पाटलाला एक आणि मजुराला एक असं नाही. 'भरली की सुटेल' जाऊन 'वेळ झाली की सुटेल' आलं. ज्याच्या घरी घोडं नाही, बैलगाडी नाही, अशा माणसाला पहिल्यांदाच आदल्या रात्री ठरवता आलं, की उद्या दहा वाजता मी कचेरीत असेन.

आता कायद्यातली गंमत बघा. १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात दोन कलमं आहेत. कलम १८ सांगतं, की पुरेशी, कार्यक्षम, किफायतशीर आणि सुसूत्र प्रवासी सेवा देणं हे महामंडळाचं काम. कलम २२ सांगतं, की कारभार धंद्याच्या तत्त्वावर करा. म्हणजे वाडीवस्तीवर गाडी न्या, आणि वर धंदाही सांभाळा! ही दोन कलमं एका दाव्याला बांधायची कशी?

त्याला एक उपाय होता आणि तो अनेक वर्षं चालला. टप्पा वाहतुकीचे मार्ग टप्प्याटप्प्यानं महामंडळाकडे आले, खासगीवाले तिथून बाजूला झाले. पुणे-मुंबईसारख्या भरलेल्या मार्गावर जे सुटायचं, त्यातून डोंगराकडच्या रिकाम्या फेरीचं डिझेल निघायचं. शहरातला प्रवासी तिकीट काढताना नकळत एखाद्या वाडीच्या गाडीला हातभार लावत होता. 'रस्ता तेथे एसटी' या घोषवाक्यामागचं अर्थशास्त्र इतकं साधं होतं. रस्ते तरी कुठले? त्यातले कितीतरी बहात्तरच्या दुष्काळात आपल्याच आया-आज्यांनी खडी फोडून केलेले.

या सगळ्याचं सगळ्यात सुंदर फळ म्हणजे मुक्कामी गाडी. तरुण मित्रांसाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून शेवटची गाडी गावात यायची आणि रात्री तिथेच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच झोपायचे. कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण यायचं. पहाटे इंजिनाचा आवाज झाला, की गाव उठायचं. त्या पहिल्या गाडीत दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा आणि दवाखान्यात निघालेली बाळंतीण, सगळे असायचे.

मी तालुक्याला शिकत होतो तेव्हा माझा जेवणाचा डबा याच गाडीनं यायचा. झाकणावर लाल रंगानं नाव लिहिलेलं. स्टँडवर तसे वीस-पंचवीस डबे ओळीनं मांडलेले असायचे. खोलीभाडं कसंबसं परवडायचं, खानावळ परवडणारी नव्हती. आमच्यातली कितीतरी पोरं त्या डब्यांवर मास्तर झाली, तलाठी झाली, एक तर डॉक्टर झाला. एसटीच्या ताळेबंदात हे कुठल्या रकान्यात धरायचं?

मग बिघडलं कुठे? १९८८चा नवा मोटार वाहन कायदा आला, परवाने सोपे झाले. रस्त्यावर जीप आल्या, ट्रॅक्स आल्या, काळीपिवळी आली. आमच्याकडे त्याला वडाप म्हणतात. कागदावर ती कंत्राटी गाडी, म्हणजे एका ठिकाणाहून निघून थेट दुसऱ्या ठिकाणी जाणारी. प्रत्यक्षात ती दर फाट्यावर माणूस उचलते. स्टँडपासून २०० मीटरच्या आत खासगी वाहनांना बंदी, असे फलक लागले. त्या फलकाखालीच वडाप भरतात हे आपण सगळेच बघतो.

वडापवाल्यांना मी शिव्या देणार नाही. बेकार पोरांनी कर्ज काढून घेतलेल्या गाड्या आहेत त्या. शेताच्या बांधाला थांबतात, शेळी घेतात, सिमेंटची गोणी घेतात. रात्री-अपरात्री अडल्यानडल्याला याच पोरांना हाक मारावी लागते. पण वडापचा नियम कोणता? भरली की सुटेल. आजोबांच्या पारावर आपण परत येऊन बसलो. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. नैरोबीतले मटाटूसुद्धा याच नियमानं स्टँडवर भरत उभे असतात.

वडापनं गर्दीची वेळ आणि गर्दीचा रस्ता उचलला. त्यात वाईट काही नाही, धंदा असाच असतो. लांबच्या भरल्या मार्गावर खासगी ट्रॅव्हल्सनी तेच केलं. एसटीकडे उरल्या दुपारच्या रिकाम्या फेऱ्या आणि घाटातली गावं. जिथून रिकाम्या फेरीचं डिझेल निघायचं, तो झराच आटला. वर तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर. मग साहेब लोक भारमानाचा कागद काढतात. ४४ आसनांच्या गाडीत ९ माणसं, म्हणजे फेरी तोट्याची, म्हणजे बंद. त्या नऊ जणांत दोन मुली अकरावीला जाणाऱ्या असतील, तर भारमानाला ते दिसत नाही.

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण शाळेच्या वेळेची गाडीच बंद झाली, तर पास वहीत ठेवायचा का? वडापला पास चालत नाही. आणि अंधार पडल्यावर चौदा पुरुषांच्या जीपमध्ये पोरीला एकटं पाठवायला कुठला बाप तयार होईल? तो तिची शाळाच सोडवतो.

एसटी नसेल तर काय होतं हे आपण पाहिलंय. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची मागणी होती राज्य शासनात विलीनीकरणाची. तिची बाजू-विरुद्ध बाजू इथे मांडत नाही. पण कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि गाडी बंद झाली. 'खासगी गाड्या आहेतच की' या वाक्याची परीक्षा त्या पाच-साडेपाच महिन्यांत झाली. ज्याच्याकडे दुचाकी होती तो गेला, बाकीचे घरी बसले.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या. 'गावाकडे प्रवासीच उरला नाही' म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. प्रवासी होता, त्याच्या हातात भाडं नव्हतं. सवलतीला माझा पाठिंबाच आहे. प्रश्न एवढाच, की अर्धं तिकीट कोणत्या गाडीचं? जी फेरी रद्द झाली तिचं अर्धं तिकीट शून्यच.

म्हणून सवलतीइतकाच पैसा फेरीला द्या, असं माझं म्हणणं आहे. कलम १८ आणि कलम २२ यांचं ओझं एकट्या महामंडळावर टाकून सरकारनं बाजूला उभं राहू नये. शाळेची, दवाखान्याची, आडगावाची फेरी तोट्याची म्हणून मोजू नका. ती सार्वजनिक सेवा म्हणून जाहीर करा, आणि तिचे किलोमीटरप्रमाणे पैसे अर्थसंकल्पातून द्या. सरकारी शाळा नफ्यात आहे का, असं आपण विचारत नाही. मग त्या शाळेपर्यंत नेणाऱ्या गाडीलाच का विचारतो?

आपणही एक करू शकतो. येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: आमच्या गावाला सकाळी शाळेच्या वेळेची एक आणि संध्याकाळी परतीची एक गाडी हवी, वेळेसकट. ठरावाची प्रत आगाराला द्या, आमदारांनाही द्या. त्यांच्यासाठी गाडीत राखीव आसन असतं, त्यावर ते शेवटचे कधी बसले हेही प्रेमानं विचारा.

तुमच्या गावाला मुक्कामी गाडी येते का? येत होती तर कधी बंद झाली? गावाचं नाव, तालुका आणि वर्ष कमेंटमध्ये लिहा. यादी मोठी झाली तर आपण मिळून ती पुढे पाठवू.