सनद हातात, वाट आपली: एक्सप्लोरेटरी टेस्टिंगची गोष्ट

आजचा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. एक्सप्लोरेटरी टेस्टिंग, म्हणजे आधी लिहिलेल्या पायऱ्या गिरवत न बसता सॉफ्टवेअर वापरत, समजून घेत त्यातल्या चुका हुडकणं.

हे नाव केम कॅनर यांनी १९८४ मध्ये दिलं. १९८८ च्या 'टेस्टिंग कॉम्प्युटर सॉफ्टवेअर' या पुस्तकात त्यांनी ते वापरलं. पण एक अडचण होती. मॅनेजरनं विचारलं, "दिवसभर काय तपासलंस?" तर दाखवायचं काय?

यावर २००० साली जेम्स आणि जोनाथन बाख या भावांनी उपाय मांडला: चार्टर. आपल्या भाषेत छोटीशी सनद म्हणा ना! कशाचा शोध घ्यायचा ते एक-दोन ओळींत लिहायचं, वाट टेस्टरनं काढायची. मग साधारण दीड तासाची सलग बैठक. त्यात कुणी मध्ये हाक मारायची नाही. शेवटी नोंदी घेऊन मॅनेजरशी चर्चा. पुढे एलिझाबेथ हेंड्रिक्सन यांनी २०१३ च्या 'एक्सप्लोर इट!' मध्ये सोपा साचा दिला: काय तपासायचं, काय वापरून, कोणती माहिती काढायला.

आता आपल्या परभणीत येऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाईलवर फोटो काढतो, पीक सातबाऱ्यावर चढतं. नोंद नसली की भरपाईच्या वेळी अडतं. अशा ॲपसाठी स्क्रिप्ट म्हणेल, "फोटो काढा, सबमिट दाबा, 'यशस्वी' दिसलं पाहिजे." ऑफिसच्या वायफायवर ते दिसेलच. मी सनद लिहीन ती अशी:

"फोटो पाठवणं तपासा, जुना फोन आणि रेंज येते-जाते असं शेत वापरून, नोंद अर्धवट राहिली तर शेतकऱ्याला कळतं का, ते शोधा."

या बैठकीतच पुढची सनद सुचते. सोयाबीनमध्ये तूर असेल तर? चार भावांचा सामाईक सातबारा असेल तर?

फक्त "पूर्ण ॲप तपासा" असं लिहू नका, ती सनद नाही, नुसती इच्छा आहे. आणि प्रत्येक बटण लिहून दिलंत, की परत स्क्रिप्टच झाली.

तुमच्या फोनमधलं एखादं ॲप निवडा, तीन भागांची सनद लिहा, दीड तास द्या. काय सापडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!