हाँगकाँगचे नकोसे पाहुणे

कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांला एक सवय जडली आहे. राज्यकर्ते भांडू लागले, की ज्याच्यावरून भांडण चालले आहे तो मनुष्य कोठे उभा आहे, हे आम्ही आधी पाहतो. हाँगकाँगची हकीकत त्याच नजरेने सांगतो.

ही ब्रिटिश वसाहत सुमारे अकराशे चौरस किलोमीटरांची. १९८९ साली तीत पंचावन्न लाखांवर वस्ती होती. व्हिएतनाममधून १९७५ पासून तेथे नावा येत. प्रथम आलेल्यांना छावणीबाहेर कारखान्यांत काम करता येई. जुलै १९८२ पासून नव्यांना बंद छावण्यांत कोंडण्यात आले. १६ जून १९८८ पासून चौकशी सुरू झाली : छळामुळे पळाला तो निर्वासित, पोटासाठी आला तो परत पाठविण्यास पात्र. पोटाची आग हा छळ नव्हे, असे ठरले!

पुढच्याच वर्षी चौतीस हजारांवर माणसे आली आणि सरकारांत वाद पेटला. लंडन म्हणे, परत पाठविल्यावाचून गत्यंतर नाही. हाँगकाँगचे लोक विचारीत, चीनमधून चोरून येणाऱ्या आमच्याच भाऊबंदांना १९८० पासून तत्काळ परत धाडतात, मग यांनाच का ठेवावे? हा प्रश्न खोटा नव्हता. वॉशिंग्टनला कम्युनिस्ट राजवटीकडे केलेली सक्तीची पाठवणी अमान्य होती. पण तेच सरकार १९८१ पासून हैतीच्या नावा भरसमुद्रात अडवून माघारी लावीत होते. अमेरिकेने पुष्कळ व्हिएतनामींना घरे दिली, हे खरे. परंतु छावण्यांतील या माणसांसाठी तिनेही दार सताड उघडले नाही.

१२ डिसेंबर १९८९ रोजी पहाटेच्या अंधारात एक्कावन्न जणांना विमानात बसवून हनोईस धाडले. त्यांत सव्वीस मुले होती. जगभर ओरड झाली, तरी ऑक्टोबर १९९१ मध्ये ब्रिटन व व्हिएतनाम यांचा करार झालाच. पुढे साठ हजारांहून अधिक लोक, कोणी राजीखुशीने तर कोणी सक्तीने, परतले.

१९९७ साली वसाहत चीनकडे गेली. २००० साली शेवटची छावणी बंद झाली, तेव्हा उरलेल्या सुमारे चौदाशेंना तेथेच राहण्याची मुभा मिळाली. ज्यांना जागा नाही म्हणत होते, त्यांतील थोड्यांना तरी जागा निघाली.

‘हाकलू नका’ म्हणणे सोपे आणि ‘जागा नाही’ म्हणणेही सोपे. पहिले म्हणणाराने आपले दार उघडावे. दुसरे म्हणणाराने निदान त्या माणसाच्या हातांना काम द्यावे. आम्हांला न्याय एवढाच कळतो.