जीपचे पाटे आणि भंगारातला सांगाडा

दिवाळी अंकात 'पाटा' म्हटलं की बहुतेकांना वरवंटा आठवणार. पण हा लेख गाडीखालच्या पाट्यांबद्दल आहे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्यांनी घाट पार केलाय, त्यांची या पाट्यांशी जुनी ओळख आहे, फक्त ती पाठीमार्फत झालेली!

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. राहतो ओजिमाला, आणि रोज तोएई शिंजुकु लाइनने ऑफिसला जातो. माझी स्वतःची गाडी नाही. जुन्या जीपचा इतिहास वाचायचा नाद मात्र आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. एकाच अमेरिकन विलीज जीपची दोन लेकरं आपल्या दोन्ही गावांत वाढली. एक मुंबईत महिंद्रच्या घरी, दुसरं जपानात मित्सुबिशीच्या घरी.

आधी पाटा म्हणजे काय ते थोडक्यात. पोलादाच्या कमानदार पट्ट्या, लांबीने उतरत्या, एकावर एक रचून मध्ये सेंटर बोल्टने आवळलेल्या. दोन्ही टोकं चासीला, मधला भाग अ‍ॅक्सलला. ही युक्ती मोटारीच्या आधीची आहे. ओबाडाया इलियट या इंग्रज गृहस्थाने घोडागाडीसाठी अशा कमानींचं पेटंट १८०४ साली घेतलं, आणि आपल्या टांग्यांखालीही त्याच जातीच्या कमानी असत. पाट्याची खरी गंमत अशी की तो एकाच वेळी दोन कामं करतो. धक्का तर सोसतोच, शिवाय अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. हे दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. जुन्या पिकअपचं सस्पेन्शन बदलायला निघालेले लोक नेमके तेच विसरतात. पुढचा सगळा इतिहास मी याच एका मुद्द्यासाठी सांगतोय.

महिंद्र अँड महंमद ही कंपनी १९४५ साली सुरू झाली आणि १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली. चाळीसचं दशक संपता संपता माझगावात जीपची जुळणी होऊ लागली. जपानात मित्सुबिशीने १९५३ साली विलीजशी करार करून जीप बनवायला घेतली. दोघांनीही पुढे सीजे-३बी हेच मॉडेल उचललं. आपल्याकडच्या जुन्या जीपचं बॉनेट उंच का, हे कधी मनात आलंय? विलीजने जुन्या अंगात नवं, जास्त उंचीचं हरिकेन इंजिन बसवलं, ते मावेना म्हणून बॉनेट वर उचललं. म्हणजे आपण ज्याला जीपचा मूळ चेहरा समजतो, तोसुद्धा एका अदलाबदलीतून आलेला आहे.

टोयोटाचंही तेच. १९५१ च्या 'बीजे' गाडीत त्यांनी आपल्याच ट्रकचं सहा सिलिंडरचं बी इंजिन बसवलं. बी म्हणजे इंजिन, जे म्हणजे जीप. हीच गाडी पुढे लँड क्रूझर झाली. तेव्हा दुसऱ्या गाडीचे अवयव घेणं यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न एवढाच, की घेतलेला अवयव सांध्यात नीट बसतो की नाही.

न बसल्याचं उदाहरणही याच घराण्यात आहे. विलीजने १९५७ च्या मॉडेलवर्षासाठी एफसी-१५० नावाचा पिकअप काढला. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो, त्यामुळे गाडी आखूड असूनही मागे भरपूर माल मावतो. खाली मात्र सीजे-५ जीपचाच संसार: व्हीलबेस ८१ इंच आणि दोन चाकांमधली रुंदी जेमतेम ४८ इंच. उंच केबिन आणि अरुंद पाय! वळणावर गाडी कलंडायला बघायची. शेवटी १९५८ साली ही रुंदी ५७ इंच करावी लागली. कारखान्याने स्वतःच्याच गाडीचे अ‍ॅक्सल घेतले होते, तरी ही गत. हाच एफसी-१५० पुढे साठच्या दशकात महिंद्रने आपल्याकडे बनवला.

अमेरिकेत पन्नासच्या दशकातले फोर्ड आणि शेवरले पिकअप जपणारे हौशी लोक खूप. त्या गाड्यांना पुढेही आडवा अ‍ॅक्सल आणि पाटेच. मग हे लोक भंगारातून दुसरी गाडी शोधतात. कुणी १९७४ ते १९७८ च्या मस्टँग टू ची पुढची रचना वापरली, कुणी शेवरले कमारोचा पुढचा अर्धा सांगाडा कापून जोडला, तर कुणी क्रायस्लरच्या व्होलारेचा टॉर्शन बारवाला भाग लावला. अलीकडे फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाला मागणी आहे, कारण २००३ पासून तिचा पुढचा भाग एका अ‍ॅल्युमिनियमच्या क्रॉसमेंबरवर अख्खा सुटा निघतो. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस स्वच्छ आहे. पण स्वच्छ इंटरफेस असला तरी रुंदी जुळवावी लागते, स्टिअरिंगचा दांडा आणि चाकाचा हात एकाच कमानीत फिरतील असं बघावं लागतं. नाहीतर खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग न फिरवता गाडी आपोआप वळते!

आता घरची गोष्ट. इगतपुरीजवळ माझे मामा भातशेती करतात. त्यांच्याकडे महिंद्रचा जुना एफसी पिकअप आहे, आजोबांच्या वेळचा. त्यात पेट्रोल इंजिनाच्या जागी प्यूजोच्या घराण्यातलं डिझेल इंजिन कधीच बसलंय. गेल्या पावसाळ्यानंतर मामेभावाचा फोन आला. "दादा, भंगारात बोलेरो मिळतेय. तिचा पुढचा भाग कापून आपल्या गाडीला लावतो. पप्पांची पाठ सुटेल एकदाची. तू तिकडे जपानात आहेस, जरा अभ्यास करून सांग."

पाठीचा मुद्दा खराच होता. एफसीत प्रत्येक खड्डा थेट ड्रायव्हरच्या मणक्यात जातो, आणि मामांनी सत्तरी ओलांडलीय. पण त्याच गाडीच्या मागे लावणीच्या दिवसांत दहा-बारा बाया बसतात, हेही मला माहीत होतं. मी त्याला चार प्रश्न विचारले. पाटा काढल्यावर अ‍ॅक्सल धरण्याचं काम कोण करणार? दोन्ही गाड्यांच्या चाकांची रुंदी मोजलीस का? ही बोलेरो मागच्या चाकांवर चालणारी आहे, मग चिखलात पुढच्या चाकांची ओढ गेली तर चालेल का? आणि चौथा, वेल्डिंगवर सही कोण करणार?

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात बदल करायला आडकाठी करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. जपानात वाट आहे, पण ती कागदातून जाते. नोंदीतल्या मापापेक्षा लांबी ३, रुंदी २ किंवा उंची ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त बदलली, तर बहुतेक बदलांना वेगळी तपासणी लागते. चासी किंवा अ‍ॅक्सलला हात लावला तर मजबुतीचे हिशोब आधी द्यावे लागतात. आपण याला कटकट म्हणतो, पण त्या हिशोबात कुणीतरी मागे बसणाऱ्यांचा विचार केलेला असतो.

मामेभाऊ थोडा खट्टू झाला. "म्हणजे काहीच करायचं नाही का?" असं नव्हे! पाटेवाल्याकडे पाट्यांना नवी कमान दिली, तुटलेली पानं बदलली, बुश आणि शॅकल नवे घातले. मापाचे शॉकअप लावले. ड्रायव्हरच्या सीटखाली चांगला फोम आणि स्प्रिंगची बैठक बसवली. स्टिअरिंगचे सांधे आणि ब्रेक पुरते उघडून केले. मामा फोनवर म्हणाले, "पाठ दुखायची थांबली नाही रे, पण बोलायला लागलीय." एवढं पुरे!

कुणी म्हणेल, हे जुनाटपणाचं कौतुक झालं. तसं नाही. मित्सुबिशीने १९८२ साली पजेरो काढली, तिला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. तरी पाट्यांची जीप १९९८ पर्यंत शेजारीच बनत राहिली, कारण तिचं गिऱ्हाईक वेगळं होतं. महिंद्रने २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे दिले, आणि २०२० च्या थारमध्ये चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग. म्हणजे बदल व्हायलाच हवा. पण तो चासीपासून विचार करून झाला. लँड क्रूझर ७० ला १९९९ साली पुढे कॉइल मिळाले, मागे ओझ्यासाठी पाटेच राहिले. २००७ साली व्ही-८ इंजिन मावावं म्हणून पुढची रुंदी वाढवली, मागची तशीच ठेवली. पुढची चाकं मागच्यांपेक्षा सुमारे साडेनऊ सेंटिमीटर रुंद! मालक आजही त्यावर कुरकुरतात. टोयोटालाही सगळं एका फटक्यात जमत नाही, तर इगतपुरीच्या गॅरेजला का जमावं?

तर मंडळी, ओजिमाच्या बाजारात सकाळी भाजीचा पांढरा केई ट्रक उभा दिसला, तर जरा वाकून मागच्या चाकाकडे बघा. बहुतेकांच्या खाली पाटेच सापडतील. सुबारूचा सांबर मात्र चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देत असे, पण सुबारूने तो स्वतः बनवणं २०१२ साली थांबवलं. कोबी आणि दाइकॉनच्या पेट्या पेलायला टांग्याच्या काळातली ती कमान अजून पुरते. आणि तुमच्या गावी एखादी जुनी गाडी अंगणात उभी असेल, तर तिला नवं काही लावण्याआधी एवढंच विचारा: जे काढतोय, ते नेमकी किती कामं करत होतं?

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!