स्लॅबचे अंदाजपत्रक

घराच्या छतासाठी किंवा मजल्यासाठी काँक्रीट ओतण्यापूर्वी त्याला लागणारे सिमेंट, वाळू, खडी, सळई, सेंट्रिंग, मजुरी आणि यंत्रभाडे यांचा केलेला लेखी हिशेब म्हणजे स्लॅबचे अंदाजपत्रक. सरकारी कामांत ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर बेतलेले असते. खाजगी घरांच्या बाबतीत ते बहुधा कंत्राटदाराच्या तोंडी आकड्यावर निभावते. स्लॅब एकाच दिवसात, सलग ओतायचा असतो, म्हणून हा हिशेब भिंतीच्या किंवा गिलाव्याच्या हिशेबापेक्षा वेगळा ठरतो. भिंतीला विटा कमी पडल्या तर काम उद्यावर ढकलता येते. स्लॅबला दुपारी तीन वाजता सिमेंट संपले तर आधीचा थर घट्ट होतो, नवा थर त्याच्याशी एकजीव होत नाही, आणि पावसाळ्यात गळती त्याच सांध्यातून सुरू होते.

हिशेबाची सुरुवात घनफळापासून होते. ३० × २५ फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब घेऊ. त्याचे क्षेत्रफळ ७५० चौरसफूट आणि घनफळ ३१२.५ घनफूट, म्हणजे ८.८५ घनमीटर. पुष्कळ अंदाज इथेच थांबतात आणि इथेच फसतात, कारण स्लॅबबरोबर बीमही त्याच दिवशी भरले जातात. ९ इंच रुंद आणि १५ इंच खोल बीम एकूण १३५ फूट लांबीचे असतील, तर स्लॅबखाली उतरणारी त्यांची खोली १० इंच धरायची. वरचे ५ इंच स्लॅबमध्ये मोजून झालेले असतात. हे घनफळ सुमारे ८४ घनफूट, म्हणजे स्लॅबच्या चौथ्या हिश्श्याहूनही जास्त भरते. एकूण काँक्रीट ३९७ घनफूट किंवा ११.२४ घनमीटर झाले. सळईने व्यापलेली जागा वजा करत नाहीत, आणि ०.१ चौरसमीटरपर्यंतची भोकेही वजा होत नाहीत. मोजमापाच्या भारतीय मानकात, आयएस १२०० मध्ये, ही पद्धत दिलेली आहे.

घनफळावरून साहित्य काढताना सुटे, कोरडे साहित्य भिजून दबले की आकसते हे लक्षात घ्यावे लागते. एक घनमीटर तयार काँक्रीटला १.५४ घनमीटर कोरडे साहित्य लागते, असे व्यवहारात धरतात. एम-२० प्रतीच्या १ : १½ : ३ या मिश्रणात एकूण साडेपाच भाग. त्यांतला सिमेंटचा एक भाग ०.२८ घनमीटर होतो. सिमेंटची घनता १,४४० किलो धरली की तो ४०३ किलो, म्हणजे ५० किलोच्या आठ गोण्या. वाळू ०.४२ आणि खडी ०.८४ घनमीटर. आपल्या उदाहरणाला ९१ गोण्या सिमेंट, १.६७ ब्रास वाळू आणि ३.३३ ब्रास खडी लागेल (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तीन टक्के सांडलवंड धरून ९४ गोण्या मागवाव्यात.

सेंट्रिंगची पातळी सरासरी अर्धा इंच खाली बसली, तर पाच इंचांचा स्लॅब साडेपाच इंचांचा होतो आणि स्लॅबचे साहित्य एकदम दहा टक्क्यांनी वाढते. वर दिलेल्या मापाला त्यात सात गोण्या जास्त जातात. शिवाय हे जादा वजन इमारतीवर कायमचे राहते. म्हणून काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी दोरी ताणून आठ-दहा ठिकाणी जाडी मोजणे हा अंदाजपत्रकाचाच भाग मानला पाहिजे.

वाळूच्या हिशेबात ओलावा गोंधळ घालतो. ओलसर वाळू फुगते. तिचे आकारमान कोरडीपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वाढते. त्या हिशेबाने १.६७ ब्रासऐवजी २.०८ ब्रास ओली वाळू मागवावी लागेल. मिश्रण फर्म्याने मोजत असतील तर ओल्या वाळूचा फर्मा भरताना तेवढीच भर द्यावी लागते, नाहीतर मिश्रणात वाळू कमी पडते. एका गोणीतले सिमेंट जवळपास ३५ लिटर भरते, म्हणून फर्माही त्याच मापाचा करतात. घमेल्याने मोजू नये. एक शिगोशीग भरले जाते, दुसरे अर्धे, आणि संध्याकाळी किती खडी गेली हे कोणालाच सांगता येत नाही. गाडी आली की हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची सरासरी उंची टेपने मोजावी. कृत्रिम वाळू, म्हणजे क्रश सँड, आयएस ३८३ ला मान्य आहे. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून महाराष्ट्रातली बरीच कामे या कृत्रिम वाळूवरच चालतात.

पाण्याची रक्कम अंदाजपत्रकात नगण्य असते, पण नुकसान सर्वांत जास्त त्याच्यामुळे होते. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४५६ प्रमाणे, एम-२० च्या या ठरीव मिश्रणाला गोणीमागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालायचे नाही. काँक्रीट सहज पसरावे म्हणून मिक्सरमध्ये आणखी एक बादली ओतली, तर त्या मिश्रणाची ताकद तिथेच घटते. हे थांबवायचे तर व्हायब्रेटरचे भाडे अंदाजात आधीच धरलेले असावे. त्याच्याविना घट्ट काँक्रीट बीमच्या सळयांमध्ये उतरत नाही आणि मजूर नाइलाजाने पाण्याकडे वळतात.

सळईचा प्राथमिक अंदाज स्लॅबच्या घनफळाच्या ०.७ ते १ टक्का असा धरतात. ७,८५० किलो घनतेने तो घनमीटरला ५५ ते ७९ किलो येतो. बीमला हे प्रमाण बरेच जास्त असते. खरेदी मात्र अभियंत्याच्या नकाशावरून सळयांची यादी करूनच करावी. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की मीटरमागे किलो मिळतात : ८ मिमीला ०.३९५, १० मिमीला ०.६१७, १२ मिमीला ०.८८९. आयएस १७८६ ने १० मिमीपर्यंतच्या सळईला वजनात सात टक्के कमी-जास्त मान्य केले आहे. त्यामुळे काट्यावरचे वजन आणि नगांची मोजणी दोन्ही ठेवावी. जोडाची लांबी, बांधणीची तार आणि कव्हर ब्लॉक हे किरकोळ वाटणारे आकडे यादीतून गळतात.

सेंट्रिंगचा दर चौरसफुटावर ठरतो. प्रश्न असतो कोणत्या चौरसफुटावर. स्लॅबचे क्षेत्रफळ ७५०, पण फळ्या आणि पत्रे प्रत्यक्ष टेकतात ते क्षेत्र बीमच्या बाजू आणि स्लॅबच्या कडा धरून १,०२० च्या घरात जाते. मालक एक मोजतो, सेंट्रिंगवाला दुसरे, आणि बिलाच्या दिवशी भांडण होते. टेकूंचे दिवसही आधी ठरवावेत. आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटला, ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्यात स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यात १४ दिवस, आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस ठेवायचे असतात. भाडे वाचवण्यासाठी हे दिवस कमी करणे माणसांच्या जिवाशी खेळणे आहे.

दरांचे आकडे गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. खाणीपासूनचे अंतर खडीचा भाव ठरवते, म्हणून दरसूचीतही वाहतूक वेगळी मोजतात. कर बदलला तरी आकडे हलतात : २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ३०० रुपयांची गोणी धरली तर ३८४ ऐवजी ३५४ रुपये, म्हणजे ९४ गोण्यांमागे २,८२० रुपयांचा फरक. साहित्य आणि मजुरीवर कंत्राटदाराचा नफा व व्यवस्थापनखर्च साधारण १० ते १५ टक्के चढवतात.

तयार काँक्रीट मागवले तर वाळू-खडीचा हिशेब सुटतो, घनफळाचा सुटत नाही. पंपाच्या नळीत थोडे काँक्रीट अडकून राहते. शेवटच्या गाडीची मात्रा उरलेली जागा मोजूनच सांगावी.

वरचा सगळा हिशेब एम-२० चा आहे. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्याच्या थेट माऱ्यात, तो चालत नाही. तिथे आयएस ४५६ किमान एम-३० आणि ४५ मिमी कव्हर मागते, आणि त्या प्रतीला ठरीव प्रमाण वापरता येत नाही, प्रयोगशाळेतून मिश्रण ठरवून घ्यावे लागते. रत्नागिरीत समुद्रासमोर बांधणाऱ्याने नाशिकच्या नातेवाइकाचा दर प्रमाण मानू नये.

शेवटी दोन बाबी मालकाने स्वतः मागून लिहून घ्याव्यात. एक, चाचणीचे ठोकळे : ६ ते १५ घनमीटरच्या कामाला दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे. दुसरी, पाणी मारण्याची मजुरी आणि टँकर : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळ्यात किमान १० दिवस.