सातबाऱ्याची सांखळी

धाराशिवच्या तहसील कचेरींत सातबाऱ्याचा उतारा हातीं घेऊन उभा राहिलेला शेतकरी पुष्कळदां एकच प्रश्न विचारतो : नांव कोठें गेलें? आजाचें होतें, बापाचें होतें. शेत आहे तेथेंच आहे, बांधावरची बाभूळहि तीच. कागदावर मात्र नांव भलत्याचें. उतारा पुन्हां पुन्हां न्याहाळून या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. उतारा म्हणजे सबंध दप्तर नव्हे. दप्तराची ती शेवटची बेरीज होय, आणि बेरीज चुकली म्हणजे चूक वरच्या आंकड्यांत शोधावी लागते.

हे वरचे आंकडे धाराशिव जिल्ह्यांत फार गुंतागुंतीचे आहेत. शेजारचा बार्शी तालुका मुंबई इलाख्यांतला; तेथें हक्कनोंदीचा कायदा 1903 सालींच झाला. धाराशिव निजामाच्या राज्यांत. 1853 च्या तहानें नळदुर्गासह हा मुलूख इंग्रजांकडे गेला व 1860 मध्यें निजामास परत मिळाला. पुढें पहिल्या सालारजंगाच्या कारकीर्दींत मुंबईच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी सुरू झाली. गांवचा कुलकर्णी मोडींत लिही. सरकारी भाषा 1884 पर्यंत फारसी, त्यानंतर उर्दू. अशा रीतीनें एकच शेत दोन लिप्यांत नांदत होतें. त्यांत सालें फसली. फसली सालांत 590 मिळविले कीं इसवी सन निघतो हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु निजामी राज्याचें फसली वर्ष ऑक्टोबरांत बसत असे, त्यामुळें जानेवारीनंतरच्या तारखांस 591 मिळवावे लागतात. एवढीशी गोष्ट विसरली कीं खरेदीखत एक वर्ष मागें सरकतें, आणि विकणाराच्या हातीं जमीन येण्यापूर्वींच त्यानें ती विकल्याचें दिसूं लागतें. असे चमत्कार दप्तरांत पुष्कळ; त्यांचें मूळ बहुधा लबाडींत नसून वजाबाकी-बेरजेंत असतें.

1948 च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें. 1358 फसलींत तेथें हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा झाला, 1949 मध्यें जहागिरी गेल्या, आणि 1954-55 मध्यें गांवोगांव खासरा पत्रक तयार झालें : कोणता सर्व्हे नंबर, क्षेत्र किती, मालक कोण, कबजा कोणाचा. मराठवाड्यांतील जमिनीच्या कोणत्याहि वादांत वकील प्रथम खासरा मागतो तो याच कारणानें. ती पायाची प्रत होय.

त्यापुढें सबंध दप्तर पुन्हां लिहीत नाहींत. वारस लागला, खरेदी झाली, वांटणी झाली, कीं तेवढाच बदल गांव नमुना सहामध्यें क्रमांक घालून नोंदवितात. हाच फेरफार. चावडीवर नोटीस लागते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो; मग सातबाऱ्यावर जुन्या नांवास कंस पडतो आणि नव्या नांवाशेजारीं फेरफाराचा क्रमांक येतो. संगणकावरील माहितीच्या वाढीव बॅकअपची रीत हीच. एकदां सगळी माहिती उतरून घ्यावयाची, पुढें रोज जेवढें बदललें तेवढेंच. जागा वांचते, वेळ वांचतो. परंतु मूळ प्रत व मधला प्रत्येक दुवा शाबूत असेल तरच शेवटची स्थिति पुन्हां उभी करतां येते.

दुवा तुटतो कसा? कधीं फेरफार मंजूर होतो, सहाव्या नमुन्यांत व्यवस्थित बसतो, आणि सातबाऱ्यावर त्याचा अंमलच दिला जात नाहीं. ही चूक त्यांतल्या त्यांत सुदैवाची, कारण पुरावा शिल्लक असतो. पुनर्लेखनांतील चूक याहून वाईट. दर दहाएक वर्षांनीं कंसांनीं बुजलेला सातबारा नव्या पानावर लिहून काढीत. कंसांतलीं नांवें गाळावयाचीं, चालू नांवें तेवढीं उतरावयाचीं. हें करतांना एखाद्या बहिणीचें, एखाद्या अज्ञान भावाचें नांव कंसांत नसतांनाहि गळून जाई. नवें पान स्वच्छ, सुवाच्य, आणि खोटें. पुढचे सगळे फेरफार त्या पानावर बिनबोभाट चढत जात; त्यांतील एकहि स्वतः चुकीचा नसे.

हस्तलिखित सातबारे संगणकावर आले तेव्हां हीं पानें जशींच्या तशीं आंत गेलीं, आणि टंकलेखनाच्या नव्या चुका त्यांत मिळाल्या. म्हणून हस्तलिखित व संगणकीय उतारा ताडून पाहण्यासाठीं एडिट मॉड्यूल करावें लागलें. गांवांत चावडीवाचन झालें. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. सही प्रत कोठून निघाली तेवढें सांगते. आंतील नांव बरोबर आहे कीं नाहीं याची ग्वाही तिला देतां येत नाहीं. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें कलम 157 तर असें कीं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. बँकेचें पीककर्ज त्याच नोंदीवर मिळतें. गळालेल्या नांवाच्या बहिणीला सिद्ध करण्याचा सगळा भार स्वतः वाहावा लागतो.

जाणता तलाठी अशा वेळीं उलट चालतो. चालू उताऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्यावयाचा, सहावा नमुना उघडावयाचा, त्याच्या मागचा क्रमांक, त्याच्याहि मागचा. पुनर्लेखनापूर्वींचें पान अभिलेख कक्षांतून काढावयाचें. आणि जेथें नांव शेवटचें शाबूत दिसतें तेथें थांबावयाचें. चूक त्या पानाच्या व पुढच्या पानाच्या मध्यें असते. कधीं थेट खासऱ्यापर्यंत जावें लागतें, कधीं त्याच्याहि मागें, उर्दू वाचणारा माणूस गांठून. असे वाचक आतां विरळ होत चालले आहेत. संगणकावर बिघडलेला बॅकअप तपासणारा जाणकारहि याच रीतीनें मागें मागें जातो.

चूक निव्वळ लेखनाची ठरली तर कलम 155 खालीं दुरुस्तीचा हुकूम होतो. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. हुकूम झाला म्हणून जुनें चुकीचें पान कोणी फाडीत नाहीं. तें तेथेंच राहतें, आणि त्या हुकुमाचा एक नवा फेरफार पुढच्या क्रमांकानें सहाव्या नमुन्यांत चढतो.