मेंदूच्या गाठीवरील औषधे

वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर आमच्यापाशी उत्तर नाही. आम्ही कॉलेज पाहिले ते मोर्चा घेऊन बाहेरून जाताना. युनियनच्या कचेरीत आजारी कामगारांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता जे कळले, तेवढीच आमची विद्या. २०१० साली भोसरीच्या एका लेथ-कामगाराच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झाले, किरणोपचार ठरले, आणि त्याची बायको औषधाची चिठ्ठी घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. किंमत ऐकून आम्ही मुकाट्याने वर्गणीची वही काढली. हे औषध येते कुठून, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला.

मेंदूपर्यंत औषध पोचवणे मुळातच कठीण. १८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सारे अंग रंगले, मेंदू कोरा राहिला. पुढे त्यांच्याच शिष्याने, गोल्डमान यांनी, कण्यातल्या पाण्यात रंग सोडून पाहिला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे अंग कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये अशी एक वेस आहे. तिथला दरवान विषाला अडवतो आणि बहुतेक औषधांनाही. १९६१ च्या सुमारास डेक्सामेथासोनने गाठीभोवतीची सूज उतरू लागली. रोग्याचे डोके हलके होई, पण गाठ तशीच राही. चरबीत विरघळणारी लोमुस्टीनसारखी औषधे १९७० च्या दशकात वापरात आली, तेव्हा कुठे वेशीतून वाट मिळाली. मज्जारज्जूच्या गाठींत मात्र प्रौढांच्या बाबतीत आजही शस्त्रक्रिया आणि किरण यांचाच मान पहिला.

आता आपल्या गावाकडे येऊ. वाड्याच्या अंगणात, देवळाच्या पायरीशी वाढणारी सदाफुली आपण देवाला वाहतो आणि विसरतो. तिच्या पानांतून व्हिंक्रिस्टीन निघते. पानांचा ढीग घ्यावा तेव्हा हाती चिमूटभर लागते, म्हणून ते महाग. अमेरिकेत त्याला १९६३ साली मान्यता मिळाली. ते इथे कसे करावे, हे काम पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सिप्ला कंपनीबरोबर केले आणि १९८४ च्या सुमारास ते औषध देशात होऊ लागले. प्रोकार्बाझिन, लोमुस्टीन आणि व्हिंक्रिस्टीन ही तिकडी एका विशिष्ट जातीच्या गाठीत किरणांच्या जोडीने दिली, तर रोग्यांचे मध्यम आयुष्य ७.३ वर्षांवरून १४.७ वर्षांवर गेले, असे अमेरिकेतल्या दीर्घ चाचणीत दिसले. निष्कर्ष २०१३ साली छापले गेले. यात सदाफुलीचा वाटा किती, यावर डॉक्टरांतच वाद आहे, कारण तिलाही ती वेस नीट ओलांडता येत नाही. पुणेकर म्हणून आम्हाला हे सांगायला जड जाते, पण सांगितले पाहिजे.

आमच्या चिठ्ठीवरचे औषध निराळे: टेमोझोलोमाइड. १९८० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले. सर्वांत क्रूर गाठीच्या ५७३ रोग्यांवरील चाचणीचे निकाल २००५ साली आले. केवळ किरण घेतलेल्यांत दोन वर्षांनी शंभरातले दहा जण हयात होते. औषधही घेतलेल्यांत सव्वीस. मध्यम आयुष्य मात्र अडीचच महिन्यांनी वाढले. औषध गाठीच्या पेशीतला मूळ धागा बिघडवते. पण पेशीत बिघाड दुरुस्त करणारा फिटर असतो. ज्या गाठीत तो फिटर गप्प, तिथे औषधाला गुण जास्त.

वेशीवरचा दुसरा दरवान किंमत. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्याकडे औषधावर नव्हे, ते करण्याच्या रीतीवरच हक्क उरला. रीत बदलून तेच औषध कोणीही करावे! २००५ पासून तो नियम पुन्हा फिरला, पण टेमोझोलोमाइड आधीचे असल्यामुळे सुटले, आणि देशी कंपन्या ते करू लागल्या. तरीही ते कामगाराच्या आवाक्याबाहेरच होते. २०१२ च्या मे महिन्यात सिप्लाने पाच कॅप्सूलच्या मोठ्या पाकिटाची किंमत वीस हजारांवरून पाच हजारांवर आणली. म्हणजे आधीही ते पाच हजारांत देता येत होते काय, हे आम्ही पगाराच्या वाटाघाटीत बसणारी माणसे विचारणारच.

आमच्या माणसाच्या वेळी हे घडायचे होते. अठ्ठावीस दिवसांतले पाच दिवस कॅप्सूल, अशा सहा फेऱ्या त्याने वर्गणीवर पुऱ्या केल्या. पुढच्या दिवाळीला तो काठी टेकत कचेरीत आला, आणि उरलेले अकराशे रुपये टेबलावर ठेवून पावती मागितली.