दारावरचा झाडू
मैत्रिणीच्या बेबी शॉवरची थीम ब्रुअरी. सजावट माझ्याकडे. सगळे लाकडी पिंपं सुचवताहेत. मी दारावर झाडू टांगणार आहे.

१३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एल ही बिअर बहुतेक बायकाच घरी बनवत. विक्रीला तयार झाली की दारावर काठी किंवा झाडू लावत. बाळंतपणासाठी खास कडक एल करत. तिचं नाव ‘ग्रोनिंग एल’, म्हणजे कण्हण्याची. बाळंतिणीभोवती जमणाऱ्या सख्या त्या ‘गॉसिप’.

पुढे हॉप्सची टिकाऊ बिअर आली, भांडवल लागू लागलं. १६०० पर्यंत धंदा बराचसा पुरुषांकडे गेला. ‘गॉसिप’चा अर्थही कुचाळक्या झाला.

होणारी आई बिअर पिणार नाहीच. पण झाडू बघून कुणीतरी विचारेलच. तेव्हा या बायकांबद्दल सांगेन.